अनुज दुकानात बोलला

सुभाषचंद शेठ म्हणजे जळगावातले नावाजलेले कापडवाले. बोलण्यात असे पटाईत, की स्वतःसाठी साडी बघायला आलेली बाई सासूसाठीही एक घेऊन जायची. आणि पोरगा अनुज? एवढा कॉलेजात जाणारा घोडा, पण अनोळखी माणूस समोर आला की याची दातखीळ बसलीच. वर्गात हजेरी द्यायची म्हटली तरी घाम फुटायचा. शेवटी कॉलेजच्या समुपदेशक सुलक्षणा मॅडमनी त्याला हाताशी धरलं आणि त्याच्यासारख्या इतर पोरापोरींना दिलेलं एक ॲप त्याच्याही मोबाइलमध्ये टाकून दिलं. ॲप दर आठवड्याला एक काम द्यायचं आणि ते कसं झालं, यावर मॅडम भेटून बोलायच्या.

"मोबाइल बघून कोणी बोलायला शिकतं का?" शेठ कुरकुरायचे. तरी मॅडमचा नंबर त्यांनी जपून ठेवला होता. बापाचं काळीजच ते.

या आठवड्याचं काम मोठं चमत्कारिक होतं. एखाद्या दुकानात जायचं, वस्तू बघायच्या आणि काहीही न घेता म्हणायचं, "मला आज काही घ्यायचं नाही. दाखवल्याबद्दल धन्यवाद." आता दुकानदाराच्या पोराला हे सांगायचं म्हणजे कहरच की! न घेता उठून गेलेल्या गिऱ्हाइकाचा त्याच्या घरी जेवताना उद्धार व्हायचा. अनुज रोज आरशासमोर वाक्य घोकायचा आणि कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवरून माघारी यायचा.

शनिवारी चोपड्याचं एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला आलं होतं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून अनुजही घड्या घालायला गादीवर बसला होता. त्या गर्दीत पाठीला कॉलेजची सॅक लावलेली एक मुलगी आली आणि ड्रेसपीस दाखवा म्हणाली. शेठनी एकामागून एक पीस उलगडले. गादीवर हा ढीग झाला. मुलगी सारखी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग ती उठली आणि एका दमात म्हणाली, "मला आज काही घ्यायचं नाही. दाखवल्याबद्दल धन्यवाद."

अनुजनं झटकन मान वर केली. शब्द न् शब्द तोच! ही मॅडमचीच, आपल्यातलीच. आपल्याला जे जमलं नाही, ते या पोरीनं करून दाखवलं.

शेठ मात्र भडकले. "घ्यायचंच नव्हतं, तर एवढा वेळ काय माझी परीक्षा घेत होतीस? अनुज, तूच सांग हिला!"

बस्त्याची अख्खी मंडळी अनुजकडे बघायला लागली. 'पप्पा, तिचं बरोबर आहे', एवढंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलंही. पण मग सगळे विचारणार, तुला रे काय माहीत? त्या भीतीनं त्याच्या तोंडून भलतंच निघालं, आणि तेही खणखणीत.

"ऐपत नाही तर येता कशाला दुकानात?"

मंडळी खो खो हसली. मुलीचा चेहरा पांढरा पडला. "चुकलं माझं, दादा," ती पुटपुटली आणि चपला हातात घेऊनच पायऱ्या उतरली. अनुजला स्वतःची इतकी किळस कधी वाटली नव्हती. तिच्यामागे धावावं, असं वाटत होतं, पण पाय काही उचलेनात.

शेठना तर स्वर्ग दोन बोटं उरला. "बोलला! चारचौघांत बोलला माझा पोरगा!" त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि लगेच मॅडमना फोन लावला. "मॅडम, तुमच्या ॲपनं कमाल केली हो! थांबा, त्याच्याच तोंडून ऐका." मोबाइल त्यांनी अनुजच्या हातात कोंबला.

"अरे वा, अनुज!" मॅडमना कोण आनंद झाला होता. "काय बोललास रे?"

त्यानं जसंच्या तसं सांगितलं. लपवायचं त्राणच नव्हतं. मॅडमचा आवाज एकदम उतरला.

"कोणाला बोललास हे?"

समोर पप्पा कौतुकानं हसत उभे होते. अनुजचे डोळे भरून आले.

"तिनं तुमचंच वाक्य म्हटलं होतं, मॅडम," तो म्हणाला. "मला कळलं होतं. तरी बोललो."