सैल पिन

माझं काम फ्रिज दुरुस्तीचं. बायको मशीनवर संगीत करायची. इलेक्ट्रॉनिक. मागची खोली तिची. तिथे बटणं, वायरी आणि मधोमध हेडफोन लावून बसलेली ती. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे.

तिच्या मुख्य मशीनची पिन सैल होती. जरा धक्का लागला की आवाज तुटायचा.

"अहो, जगाचे फ्रिज नीट करता. माझं एवढं सॉकेट सोल्डर करून द्या ना."

"उद्या करतो."

हे 'उद्या' सहा वर्षं चाललं. तोवर कार्यक्रमात मी तिच्या शेजारी उभा राहून ती पिन अंगठ्याने दाबून धरायचो.

त्यातून एक घोटाळा झाला. दहा-बारा कलाकारांत बाई ती एकटीच असायची. टेबलामागे बाई आणि पुरुष दिसले, की वाजवणारा पुरुषच, असं लोक धरून चालायचे. साउंडवाला तिच्या डोक्यावरून मला विचारायचा, "साहेब, बेस किती ठेवू?" उत्तर ती द्यायची. तो मान माझ्याकडे बघून हलवायचा.

गाडीत आम्ही हसायचो. "काय साहेब, आज अंगठ्याने काय वाजवलंत!" ती म्हणायची.

एकदा एका गृहस्थांनी माझा हात हातात घेतला. "छान वाजवता हो तुम्ही!" खुलासा करायचा मला कंटाळा आला होता. मी म्हटलं, "थँक्यू." ती मागेच वायरी गुंडाळत होती. त्या दिवशी गाडीत ती हसली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "निदान तुम्ही तरी."

तापाचं निमित्त होऊन ती गेली, त्याला आठ महिने झाले. गेल्या महिन्यात आयोजकाचा फोन आला.

"यंदा यादीत एकही बाई नाही. लोक बोलतात. वहिनींच्या नावावर तुम्ही वाजवा. नाहीतरी सगळं तुमचंच होतं."

"कोण म्हणालं?"

"आता आमच्यापासून काय लपवता!"

फोन ठेवला आणि तिच्या खोलीत गेलो. मशीन उलटं केलं, चार स्क्रू काढले, सॉकेट सोल्डर केलं. दहा मिनिटांचं काम. पिन हलवून पाहिली. आवाज तुटला नाही. मी तिथेच फरशीवर बसून राहिलो.

कार्यक्रमाला गेलो. साउंडवाला तोच.

"साहेब, बेस किती ठेवू?"

मी तिची वही त्याच्यापुढे धरली. "तिने लिहून ठेवलंय. वाच."

त्याने वाचलं. मग पान उलटून पुढचंही वाचलं.

मी माईक घेतला. "मी फ्रिज दुरुस्त करतो. मला यातलं काही येत नाही. सहा वर्षं मी फक्त पिन धरून उभा होतो. वाजवत होती ती. एकदा कुणीतरी माझं कौतुक केलं, तेव्हा मी हे सांगितलं नाही."

एकदोघं हसले. त्यांना तो विनोद वाटला असावा.

तिने मशीनमध्ये ठेवलेलं शेवटचं काम मी सुरू केलं आणि खाली उतरून लोकांत उभा राहिलो. टेबलामागे कुणी नव्हतं. आवाज एकदाही तुटला नाही. खिशात माझा अंगठा मात्र उगाच काहीतरी दाबत होता.

शेजारच्या माणसाने विचारलं, "अहो, वर कुणीच दिसत नाही. वाजवतंय कोण?"

"माझी बायको," मी म्हटलं.

तो टाचा उंचावून टेबलाकडे बघू लागला.