आठ शंकरपाळ्यांची चांदणी

मित्रांनो, मी एक जुनी चांदणी आहे. आभाळातली नव्हे, गोधडीतली. कापडाचे आठ शंकरपाळे टोकाला टोक भिडवून जोडले की मी होते. ऐकायला सोपे वाटते. एकदा शिवून बघा!

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षे झाली असतील. धाड गावच्या झुंबरबाईंकडे साखरखेर्ड्याची आशा सून म्हणून आली. तिची आई वारलेली. आईच्या हातची एक गोधडी तेवढी मागे उरली होती. तिच्या मधोमध चांदणी होती. दुसऱ्या हिवाळ्यात ती चांदणीच विरून फाटली. दोन दिवस आशाला घास उतरला नाही.

झुंबरबाईंनी जन्मभर सरळ पट्ट्यांच्याच गोधड्या शिवलेल्या. पण सुनेचे तोंड त्यांना बघवेना. आपले जुने लुगडे कापून त्यांनी मला शिवायला घेतले.

तिथून माझे हाल सुरू झाले. पहिल्यांदा त्यांनी कापड नेमके मापाला कापले, शिवणीत जाणारी कड सोडलीच नाही. ठिगळावर ठिगळ ठेवून वरून टाके घालणारा हात तो, कड कशाला सोडेल! माझी टोकेच शिवणीत गेली. उसवले. मग तिरपे कापलेले कापड शिवताना ताणले गेले आणि मी पापडासारखी फुगले. पुन्हा उसवले. कापडाला खळ दिली, पुन्हा शिवले. दर खेपेला कडा विरायच्या, कापल्या जायच्या आणि मी लहान व्हायचे. सातव्यांदा उसवले तेव्हा मला अगदी वीट आला. वाटले, टाका एकदाचे चुलीत.

"काऊन जीव काढून राह्यल्या वो?" शेजारच्या अंबूबाई हसल्या. "म्हाताऱ्या बोटायले जमते का हे?"

"पोरीची माय हाये त्या चांदणीत," झुंबरबाई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

आठव्या खेपेला टोके जवळ आली, पण मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढे भोक राहिलेच. झुंबरबाईंनी मला सुनेपुढे ठेवले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हारली मी, पोरी. तुह्या मायची सर नाही येत मले."

आशाने मला उलटसुलट करून पाहिले. मग मला तिथे बसवायला ती गोधडीतली आईची फाटकी चांदणी काढू लागली. तिच्या मधोमध लाल कापडाची गोल टिकली शिवलेली होती. सगळ्यांना ती नक्षीच वाटायची. ती तेवढी जपून ठेवावी म्हणून आशाने टिकलीचे टाके उसवले. खाली भोक होते, माझ्यापेक्षाही मोठे.

"आत्याबाई, माह्या मायलेही नव्हतं जमलं!" आशा हसली आणि हसता हसता रडू लागली.

तीच टिकली माझ्या मधोमध बसली. गोधडीतल्या जागेला मी अपुरी पडले, म्हणून झुंबरबाईंनी माझ्याभोवती आपल्या सरळ पट्ट्या लावल्या.

आता त्या दोघीही नाहीत. मी पेटीच्या तळाशी पडून असते. थकले आहे. मित्रांनो, घरातली गोधडी विरली तर लगेच फेकू नका. आधी तिच्या टिकलीखाली बघा. तिथे कुणीतरी हरलेले असते, आणि तुम्हाला थंडी वाजू नये म्हणून पुढे शिवत राहिलेले असते.