खणणं संपलं

विदोसावानं दुकानात एवढंच म्हटलं होतं, "मी खणत नाही, स्तामेंका. माझं खणणं संपलं." म्हणताना तिनं कमरेवर हात ठेवला. तो हात तेवढा नडला.

गावात घर घेऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी सर्बियातल्या नोवी साद शहरातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकून ती इथं आली होती. घरामागं आलुबुखाराची सहा झाडं आणि सात-आठ गुंठ्यांचं परसू. बाई भूगोलाची शिक्षिका, एकटी आणि हट्टी. त्यात पर्माकल्चरचा कोर्स करून आलेली. म्हणजे जमीन नांगरायची नाही, उलथायची नाही. तिच्यावर पुठ्ठे अंथरायचे, वर शेणखत, त्याच्यावर वीतभर वाळलं गवत, आणि मग गांडुळांना त्यांचं काम करू द्यायचं. पावसानं पाठ फिरवलेला तो उन्हाळा सरल्यापासून दीड महिना ती हेच करत होती. पुठ्ठे स्तामेंकाच्या दुकानातले. बाई एवढे खोके नेते कशाला, यावर गावात दोन मतं होती: एकतर सरपणाला पैसे नाहीत, नाहीतर डोक्यात फरक आहे.

त्या दिवशी स्तामेंकानं विचारलं, सगळ्यांनी नांगरट काढली, तुझं परसूच तसं का? गांडुळांचं पुराण चौथ्यांदा सांगायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून ते वाक्य. सकाळपासून गवताचे भारे वाहून कंबर धरली होती, म्हणून तो हात. आणि स्तामेंकाच्या कानावर पडलं म्हणजे गावाला दवंडी पिटायची गरजच नाही.

शनिवारी सकाळी विदोसावा कॉफी पीत होती, तोच फाटकाशी धडधड ऐकू आली. खिडकीतून बघते तर शेजारच्या ल्युबिसाव काकांचा ट्रॅक्टर, त्याला नांगर जोडलेला. मागं आठ-नऊ पुरुष खांद्यावर फावडी टाकून. त्यांच्यामागं फडक्यानं झाकलेली ताटं घेतलेल्या बायका, आणि सगळ्यांत शेवटी पातेलं सांभाळत स्तामेंका.

ही मोबा होती, आपल्याकडची इर्जिकच म्हणा. ज्याच्याच्यानं होत नाही त्याची जमीन गावानं मिळून करून द्यायची. मोबेला नको म्हणणं म्हणजे अख्ख्या गावाच्या तोंडावर दार आपटणं. आणि हो म्हणावं, तर नांगराच्या दोन फेऱ्यांत दीड महिन्याची मेहनत, पुठ्ठा, खत, कालपरवा लावलेला लसूण, सगळं मातीत. परसू वाचवावं तर गाव जातं आणि गाव राखावं तर परसू. परत जायला फ्लॅटही उरला नव्हता.

ती घरातल्या सपातांनिशीच धावली आणि ट्रॅक्टरपुढं उभी राहिली.

"बाई, बाजूला हो," काका वरून म्हणाले. "तू आत जाऊन पड. आम्ही करतो."

"मला काही झालेलं नाही, काका. खणता येत नाही म्हणून नाही, खणायचंच नाही म्हणून खणत नाही मी. पण हात जोडते, नांगर घालू नका."

कुणीतरी खाकरलं. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. काकांचा चेहरा लाल झाला. विदोसावाला वाटलं, आटोपलं आपलं इथलं सगळं.

काकांनी इंजिन बंद केलं. सत्तरीचा माणूस, सावकाश खाली उतरला. एवढं काय सोनं पुरलंय, म्हणून त्यांनी बुटानं गवत सारलं. मग उकिडवे बसले, पुठ्ठ्याची कड उचलली आणि खाली बोटं खुपसली. हात मनगटापर्यंत आत गेला. सोमवारपासून त्यांच्या स्वतःच्या रानात नांगराचे दोन फाळ मोडले होते, जमीन नुसती वीट झाली होती. त्यांनी मूठभर माती वर काढली. काळी, ओली, आत वळवळणारं गांडूळ. त्यांनी ती हुंगली आणि शेजारच्याच्या हातात दिली. त्यानं पुढच्याला.

"पाणी किती घातलंस?"

"एकदाच. पुठ्ठे अंथरताना."

काकांनी हात झटकला. मग मान वळवून त्यांनी विचारलं, "स्तामेंका, बाईच्या कमरेचं काय झालंय म्हणालीस?"

पहिल्यांदा त्यांची बायकोच हसली, मग सगळेच. काका नांगर सोडवत म्हणाले, की इर्जिक आली ती काम केल्याशिवाय परत जात नाही, तेव्हा काय करायचं ते आता तूच सांग. दुपारपर्यंत त्यांच्या गोठ्यातलं खत आणि गवत येऊन पडलं, आणि उरलेलं सगळं परसू झाकून झालं. पुठ्ठे कमी पडले तेव्हा स्तामेंका मुकाट्यानं दुकान उघडून आणखी खोके घेऊन आली.

जेवायच्या वेळी तिनं ते पातेलं विदोसावापुढं ठेवलं. आजाऱ्यासाठी केलेलं कोंबडीचं सूप.

"अगं, पण मी ठणठणीत आहे."

"कोंबडी तुझ्या कमरेपायी कापली. आता कंबर बरी आहे म्हणून ओतून देऊ काय? पी गुमान."

नोवी सादला तीन वर्षांपूर्वी विदोसावाची कंबर खरंच गेली होती. नऊ दिवस ती पडून होती. जिन्यावरून माणसं वरखाली करत होती, पण दारावर एकदाही टकटक झाली नाही. आणि इथं नुसत्या ऐकीव गोष्टीवर ट्रॅक्टर दारात. ती दोन वाट्या सूप प्यायली. प्यायली कसली, डोळे वाहत होते, नाक वाहत होतं.

स्तामेंकानं ते बघितलं आणि ती विजयी मुद्रेनं सगळ्यांकडं वळली.

"बघा. म्हटलं नव्हतं मी, बाईला बरं नाही म्हणून?"