यादीतला ‘म’

मुलुंडच्या त्या ट्रस्टच्या रुग्णालयात आतड्याच्या कॅन्सरची तपासणी नव्या किटने सुरू झाली आणि क्षमा सिस्टरची वाट लागली. जुन्या टेस्टमध्ये शौचात रक्त सापडायचं शंभरात दोघांच्या, नवीत सहा-सात जणांच्या. प्रत्येकाची दुर्बिणीने तपासणी करायची. दुर्बीण एक, डॉक्टर एक, दिवसाला माणसं सहा. किट बदलणाऱ्या शहाण्यांना दुसरी दुर्बीण काही सुचली नाही. पंधरा दिवसांवरची तारीख चार महिन्यांवर गेली.

यादी क्षमाकडे, म्हणून बोलणी खाणारीही तीच. मग तिने वीस वर्षांची सवय कामाला लावली. जुन्या टेस्टआधी तीन दिवस मटण बंद असायचं, कारण त्यातलं रक्तही टेस्टमध्ये दिसायचं. तेव्हा ती आताही विचारायची, "मटण खाल्लं होतं का?" हो म्हटलं की नावापुढे ‘म’ आणि नाव तळाशी.

भांडुपचे सहदेव परब एका सोसायटीत लिफ्टमन होते. "आयतवारी खाल्लंय, सिस्टर. खोटा कित्याक बोलू?" ते म्हणाले. खरं बोलले आणि तळाशी गेले.

अडीच महिन्यांनी डॉक्टर गंधाली मॅडमनी यादी चाळली. "सिस्टर, हा ‘म’ कसला?"

"मटण, मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नवी टेस्ट फक्त माणसाचं रक्त पकडते. बोकडाचं नाही."

क्षमाने यादीवरून बोट फिरवलं. एकवीस ‘म’ होते. कोणी शिकवलं नव्हतं हे खरं, पण तिनेही विचारलं नव्हतं. मॅडमनी शनिवारी सहा जण जादा घ्यायचं कबूल केलं. टेस्टमधला रक्ताचा आकडा सगळ्यात मोठा सहदेवांचा, म्हणून पहिला फोन त्यांना.

"काका, शनिवारी सकाळी आठला या."

"नको, सिस्टर. तुम्ही इचारलात त्याच दिवशी मटाण सोडलंय. आता बरा वाटता. माझी तारीख दुसऱ्या कोणाक तरी द्या, तुमच्याकडे केवढी गर्दी."

मॅडमनी बोलावलंय, एवढं सांगूनही भागलं असतं. क्षमाला ते जमेना. लाज वाटत होती, आणि भीतीही.

"काका, मटणाचा काही संबंध नव्हता. चूक माझी झाली. ते रक्त तुमचंच होतं."

पलीकडे लिफ्टचं दार आपटलं.

"मगे अडीच म्हयने मी नुसता मटाण सोडून बसलंय?"

"हो, काका," क्षमा म्हणाली.