सातव्या पेल्यातलं भूत

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध बसवली होती माझी नऊ वर्षांची भाची. पाणीबाबाने ओल्या दोराचा फटका तिच्या पाठीत हाणला.

"पी! निर्मळ पोराचं पाणी बाहेर पडतं. हिच्या अंगातला तो सगळं गिळतोय, बघा!"

बाबाने शेजारी बसवलेली दोन धडधाकट पोरं तेवढंच पाणी पिऊन दोनदा मोरीत जाऊन आली होती. माझी भाची जागची हलली नव्हती. आवाज घोगरा, चेहरा सुजलेला, वर्षभर उंची वाढलेली नाही. याला म्हणे पुरावा! दोन आठवडे तिचं मीठही बंद केलं होतं या शहाण्याने.

सातव्या पेल्याला ती ओकली. डोळे फिरले, हातपाय आपटू लागले.

"निघाला! निघाला!" लोकांनी हात जोडले.

"दादा, उचल तिला!" मी तिच्या बापावर किंचाळले.

"थांब गं, तो निघतोय."

"जीव निघतोय तिचा, गाढवा!"

मी बाबाच्या हातातला तांब्या हिसकावून त्याच्याच तोंडावर हाणला. दात पडला त्याचा. मला अजूनही वाईट वाटत नाही. भक्तांनी मला लाथांनी तुडवलं, पण तेवढ्यात वहिनीने पोरीला खांद्यावर टाकून जिना गाठला.

दवाखान्यात रक्त तपासणं हेच माझं काम. फुटक्या ओठाने मी भाचीचं रक्त मशीनला लावलं. सोडियम एकशे चौदा. एकशे पस्तीसच्या खाली जाता कामा नये. डॉक्टरबाईंनी शिरेतून मिठाचं पाणी मोजून, सावकाश दिलं, तेव्हा कुठे झटके थांबले.

दुसऱ्या दिवशी थायरॉइडचा रिपोर्ट आला. पोरीला आजार आहे एवढं कळताच दादा लोखंडी पहार घेऊन निघाला. "फोडतो त्याला!"

डॉक्टरबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आधी ऐका. हिच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काम करत नाही. अशा मुलांच्या मूत्रपिंडाला जादा पाणी बाहेर टाकणं जमत नाही. पाणी साठतं, रक्तातलं मीठ पातळ होतं, मेंदूला सूज येते, झटके येतात. बाबा नेमकी अशीच सुस्त पोरं हेरतो."

"म्हणजे अंगात कोणीच नव्हतं?"

"पाणी होतं. तुम्ही पाजलेलं. रोज एक गोळी घेतली की ही शाळेत धावेल."

दादाच्या हातून पहार गळाली. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि ढसाढसा रडला. "तिचे हात मीच धरले होते गं."

मी त्याला उठवलं आणि आम्ही पोलिसांकडे गेलो, कारण त्या हॉलबाहेर अजून चार पोरं रांगेत होती.

लोकहो, तुमचं पोर मंद झालं, सुजलं, वाढेना, तर त्याचं रक्त तपासा. त्याला मारू नका.