अर्धेलीचा कोंबडा

डॉ. अरुणा गमरे हिच्या अकरा वर्षांच्या संशोधनाला साऱ्या जगात तीनच माणसांचा विरोध होता, आणि त्यातले दोघे तिच्याच संस्थेत पगार घेत होते. तिसरा परदेशातल्या एका नियतकालिकाचा परीक्षक होता. त्याचा विरोध निदान टाइप केलेला असायचा.

विषय साधा होता. सांगायला गेलं की बिघडायचा. शरीरात एक द्रव्य असतं, त्याच्या थेंबानं मज्जातंतूला धुमारे फुटतात. आणि मज्जातंतूवर चरबीचं एक वेष्टण असतं, विजेच्या वायरीवर प्लास्टिक असतं तसं. त्याला म्हणायचं मायलिन. अरुणाचं म्हणणं असं की हे द्रव्य नुसतं तंतू वाढवून गप्प बसत नाही, त्यावर मायलिन चढायलाही हातभार लावतं. हे द्रव्य काढायचं नर उंदराच्या लाळग्रंथींतून आणि त्याची परीक्षा घ्यायची अंड्यातल्या आठ दिवसांच्या पिल्लाच्या तंतूंवर. उंदराच्या लाळेपर्यंत येताना वाशीच्या तिच्या सोसायटीतल्या बायकांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं. मागे राहायचं ते एवढंच, की बाई डोक्याची डॉक्टर आहे. मग कुणीतरी जिन्यात गाठून हळूच विचारायचं, "आमच्या ह्यांना एकदा आणू का?"

चौऱ्याऐंशीच्या जुलैत परीक्षकाचं पत्र आलं. दावा मोठा आहे, पुरावा बारीक आहे. प्रयोग नव्यानं करून मोजणी पाठवा, चार महिन्यांत पाठवा, नाहीतर लेख परत. पत्र निघाल्यापासून पंचेचाळीस दिवस एका भलत्याच कचेरीत पडून होतं. तिथल्या साहेबांनी ते वाचून त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला होता. उरले पंचाहत्तर दिवस. अंडी उबवायला आठ, तंतूंवर मायलिन चढायला तीस, बाकी रंगवणं, मोजणं, टाइप करणं आणि टपाल. एकूण पंचावन्न. अकरा वर्षं त्या पंचावन्न दिवसांवर येऊन बसली होती, खुंटीला टांगलेल्या पिशवीसारखी.

अरुणानं भांडाराकडे अंड्यांची मागणी पाठवली. भांडारप्रमुख सिताराम हा नियमानं चालणारा माणूस होता. म्हणजे नियम पुढे चालायचे, सिताराम मागे, आणि काम तिथेच उभं राहायचं. त्यानं सहा दिवसांनी चार डझन अंडी दिली. पांढरीशुभ्र, एका मापाची, पोल्ट्रीची. अरुणानं ती उबवणयंत्रात ठेवली आणि चौथ्या दिवशी एकेक करून दिव्यासमोर धरली. आत रक्ताची एक रेघ नाही. ऑम्लेट होतं, चार दिवस गरम केलेलं.

"सिताराम, या अंड्यांना कोंबडा लागलेलाच नाही!"

"मॅडम, मागणीत कोंबड्याचा उल्लेख नाही." त्यानं कागद पुढे केला. "हे बघा. 'अंडी, कोंबडीची, ताजी.' कोंबडीची दिली. ताजी दिली."

"फलित अंडी लागतात, हे गेली सहा वर्षं तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे हो. कागदाला कुठे ठाऊक आहे?"

"मग मला एक कोंबडाच द्या."

सिताराम गंभीर झाला. "कोंबडा म्हणजे मॅडम, उपकरण की उपभोग्य वस्तू, आधी ते ठरायला लागेल."

ते ठरवण्यासाठी त्यानं टिपण संचालकांकडे पाठवलं. संचालक रावसाहेबांनी त्यावर 'चर्चा करावी' लिहिलं आणि ते दिल्लीला गेले. अरुणानं चर्चा न करता बाजारातून एक कोंबडा उचलला. तांबडा, तुरेबाज, स्वभावानं रावसाहेबांसारखा. तो काखेत मारून ती जुईनगरच्या बाजूला असलेल्या जुन्या गावात वेणूबाईकडे गेली.

वेणूबाईची आणि तिची ओळख मिठागराच्या बांधावरची, सहा वर्षांची. आगरी बाई, खणखणीत आवाजाची. घरात आठ गावठी कोंबड्या. एरवी अरुणाला फलित अंडी तिच्याकडूनच मिळायची, पण यंदा तिचा कोंबडा मेमध्ये लेकीच्या हळदीला खर्ची पडला होता. शेजाऱ्यांचे कोंबडे होते, पण आषाढात गावात कुणी कोंबडा मोकळा सोडत नसे. सोडलेला कोंबडा संध्याकाळी परत येतो, पण दुसऱ्याच्या पातेल्यात.

"वेणूबाई, हा तुमच्या कोंबड्यांत ठेवा. दाणे मी देते. अठ्ठावीस तारखेपर्यंत नीट सांभाळा. अठ्ठावीसला माझं काम."

वेणूबाईनं बोटांवर काहीतरी मोजलं. तिचा चेहरा उजळला.

"अटाईसला? आसा सांग की बाय! अर्धेलीनं ना?"

घाईत अरुणाला वाटलं, दाण्यांबद्दल विचारते आहे. "हो, हो, अर्धेलीनं," ती म्हणाली आणि बस पकडायला धावली.

दहा दिवस सगळं सुरळीत गेलं. कोंबडा कामाला लागला होता. अरुणा एक दिवसाआड जाऊन बघायची, तुरा तपासायची, वेणूबाई त्याला मूठभर जास्तच खाऊ घालायची. "बग कसा भरलाय," ती कौतुकानं म्हणायची आणि कोंबड्याच्या मांडीवर हात फिरवायची. तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. पण अरुणाला पिशव्या भरून परदेशी शिक्षण मिळालं होतं; शंका कुठे घ्यायची, हे त्यात आलं नव्हतं.

अठ्ठावीसला शनिवार होता. छप्पन्न दिवस उरले होते, लागणार होते पंचावन्न. अरुणा अंडी आणायला निघणार तेवढ्यात दारात वेणूबाई. एका हातात झाकलेली टोपली, दुसऱ्यात डबा.

"घे बाय, तुजा अर्धा."

अरुणाच्या आईनं, भिमाबाईनं डबा उघडला. तर्रीखाली एक तंगडी, एक पंख, आणि मान. मोजून अर्धा कोंबडा, वर तांदळाच्या भाकऱ्या.

"हा कुणाचा कोंबडा आहे?" अरुणानं विचारलं. तिला उत्तर ठाऊक होतं. माणूस अशा वेळी उगाच विचारतो.

"कुनाचा म्हंजे? तुजा नि माजा! अर्धेलीचा. आज गटारी नाय का?"

आषाढाची अमावास्या. उद्यापासून श्रावण, महिनाभर मांस-मच्छी बंद, म्हणून आज सगळ्यांनी भरून खायचं. हे अरुणाला जन्मापासून माहीत होतं. पण प्रयोगशाळेतलं कॅलेंडर रसायनं विकणाऱ्या जर्मन कंपनीचं होतं. त्यावर बर्फाचे डोंगर होते, अमावास्या नव्हती. आणि गावात आषाढात एखादी शहरवाली कोंबडा आणून देते, दाणे देते, गटारीच्या तारखेला 'माझं काम' म्हणते, तर त्याचा जगात एकच अर्थ होतो. पाळणारीचा अर्धा, मालकिणीचा अर्धा. वेणूबाईनं मानेचासुद्धा हिशेब ठेवला होता.

"आई, माझी अकरा वर्षं आहेत त्या डब्यात."

भिमाबाईनं बोट बुडवून चाखलं. "मीठ बरोबर आहे," ती म्हणाली. "आता रडून तो उठणार आहे का? बस जेवायला."

"अगो पन रडतेस कशाला?" वेणूबाई गोंधळली. मग अरुणानं तिला कळेपर्यंत सांगितलं: कोंबडा खाण्यासाठी नव्हता, भरलेल्या अंड्यांसाठी होता. वेणूबाईनं कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्या क्षणी टोपलीवरचं फडकं काढलं. आत पेंढ्यात चोवीस अंडी.

"ही काय मंग? सगली भरलेली. नि कोंबरा गेला तरी आठ-दहा दिस भरलेलीच देतील. कोंबऱ्या काय इतक्यात इसरल्या नाय त्याला." ती डब्याकडे बघून म्हणाली. "येवरी शिकलीस नि हा नाय म्हाईत?"

नव्हतं माहीत. अरुणाचा अभ्यास अंड्याच्या आठव्या दिवसापासून सुरू व्हायचा. त्याआधीचं ती देवावर सोडायची, आणि देव तिच्या घरात नव्हता.

ती टोपली घेऊन तडक महापेला संस्थेत गेली. दारावर नवी सूचना लावलेली होती: या महिन्यापासून औद्योगिक वसाहतीत दर शुक्रवारी वीज बंद. आठ दिवस अंडी उबवायची आणि त्यात शुक्रवार येऊ द्यायचा नाही, अशी सोय जर्मन कॅलेंडरातही नव्हती.

रावसाहेब दिल्लीहून परतले होते. "सर, शुक्रवारी जनरेटर लागेल. उबवणयंत्रासाठी."

"जनरेटर सभागृहासाठी आहे, डॉक्टर गमरे."

"शुक्रवारी सभागृहात काय आहे?"

"काही नाही. पण असलं तर?"

अरुणानं टोपली उचलली. संध्याकाळी ती पुन्हा वेणूबाईच्या दारात उभी होती. तिथे दोन कोंबड्या खुडूक होऊन बसल्या होत्या, म्हणजे अंडी द्यायचं बंद करून नुसत्या उबवायला मिळावं म्हणून रुसल्या होत्या. त्यांना शुक्रवार नव्हता. दोघींखाली बारा-बारा अंडी गेली. गेली सहा वर्षं जे काम फिनलंडहून आणलेलं पोलादी यंत्र करत होतं, ते दोन कोंबड्यांनी फुकट आणि जास्त मन लावून सुरू केलं.

आठव्या दिवशी, रविवारी, अरुणा कापूस भरलेला खोका घेऊन पोचली. वेणूबाई खुराड्यासमोर पाट टाकून बसली होती. उठली नाही.

"आंडी नाय देनार."

"का?"

"शेरवन लागलाय. आत जीव धरलाय. मी रात्री चिमनीसमोर धरून बगितला, आत हलतंय. शेरवनात जीव घेऊ?"

"अहो, गेल्या शनिवारी तुम्ही अख्खा कोंबडा कापलात!"

"ती गटारी. तवा शेरवन नव्हता."

"चोवीस तासांचा तर फरक!"

"मंग? लगीन लागायच्या आदी नि लागल्यावर पन चोवीस तासच असतात. फरक पडतो का नाय?"

अरुणा तिथेच ओट्यावर बसली. अठ्ठेचाळीस दिवस उरले होते, लागणार होते सत्तेचाळीस. नवी अंडी, नवे आठ दिवस, हे आता होण्यातलं नव्हतं. तिनं शेवटी खरं तेच सांगितलं: आज ही अंडी मिळाली नाहीत तर लेख गेला, लेख गेला तर प्रकल्प गेला, आणि पुढल्या वर्षी ती कुठल्यातरी कॉलेजात बेडूक फाडायला शिकवत असेल.

"बेडकात जीव नसतो का?" वेणूबाईनं विचारलं.

"असतो."

"मंग तितं पन पापच." "ह्यानं कुनाचा काय बरा होनार हाय का? लुळा हात, बदीर पाय?"

हो म्हणणं सोपं होतं. अनुदानाच्या अर्जात ती दर वर्षी म्हणतच होती.

"लगेच नाही. माझ्या हयातीत बहुतेक नाहीच," अरुणा म्हणाली. "आधी ते खरं आहे का, एवढंच कळेल."

"म्हंजे तुलाच म्हाईत नाय अजून?"

"नाही ना! तेच तर बघायचंय!"

वेणूबाईला हे पटलं की कीव आली, सांगता येणार नाही. ती उठली. खुडूक कोंबडीला उचलून काखेत धरलं.

"कोंबरा अर्धेलीचा, तर आंडी पन अर्धेलीची. बारा तुजी, बारा माजी. माजी बारा मी उबवनार. तुज्या बारांचा पाप तुजा."

"मला चोवीस लागतात."

"कोंबरा पन अख्खा लागत व्हता तुला. अर्ध्यावर भागला ना?"

वाटणी रीतसर झाली. एक तुझं, एक माझं, गावात आंबे वाटतात तशी. निवडू द्यायची नाही, दिव्यासमोर धरू द्यायची नाही. नशीब दोघींचं सारखं. बारावं अंडं खोक्यात ठेवताना वेणूबाईनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, "जप." कुणाला म्हणाली, ते कळलं नाही.

बारापैकी एक रिकामं निघालं. अकरा काचेच्या बशा झाल्या. प्रत्येकीत तंतूंची दोन गाठोडी: एकाला द्रव्याचा थेंब, दुसऱ्याला नाही. तीस दिवस अरुणानं ती सांभाळली. शुक्रवारी ती बशा थर्मासच्या पेटीत घालून वाशीला घरी आणायची आणि भिमाबाई त्यावर गोधडी घालून, सोसायटीतल्या कुणी विचारलं तर "दही लावलंय" म्हणून सांगायची.

तिसाव्या दिवशी तिनं काळा रंग चढवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. थेंब न दिलेल्या तंतूंवर अधूनमधून काळे ठिपके होते. थेंब दिलेल्यांवर सलग काळ्या दोऱ्या होत्या, एकीला लागून एक, नवऱ्या मुलीच्या मण्यांसारख्या. अकराच्या अकरा बशांत. तिनं तीनदा मोजलं. मग सितारामला बोलावून मोजायला लावलं, कारण चूक काढण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्यानं दीड तास घेतला.

"बरोबर आहे," तो दुःखानं म्हणाला.

लेख टाइप झाला. एकच जागा राहिली. परीक्षकाचा छापील प्रश्न होता: नमुन्यांची संख्या ठरल्यापेक्षा कमी असल्यास कारण द्यावे. अरुणानं आधी लिहिलं, तांत्रिक अडचणी. ते खोडलं. हवामान लिहिलं, तेही खोडलं. टपाल निघायला वीस मिनिटं होती आणि तिला सगळ्याचा, सितारामचा, रावसाहेबांचा, शुक्रवारांचा, मनापासून कंटाळा आला होता. तिनं टाइपरायटर ओढला आणि इंग्रजीत जे खरं होतं तेच लिहिलं: उरलेली बारा अंडी सहमालकाच्या वाट्याची होती, आणि सहमालकाने ती देण्यास धार्मिक कारणास्तव नकार दिला.

ऑक्टोबरात उत्तर आलं, या वेळी थेट. लेख स्वीकारला होता. खाली परीक्षकानं प्रथमच हातानं एक ओळ लिहिली होती: माझ्याकडे असा नकार देणारा सहमालक असता तर माझे जुने तीन लेख मी छापले नसते.

पत्र घेऊन ती वेणूबाईकडे गेली. अंगणात बारा पिल्लं, आता चांगली वीतभर उंच, आणि त्यांतला एक तांबडा नर सगळ्यांना चोची मारत हिंडत होता. हुबेहूब बापावर गेलेला.

"वेणूबाई, लेख छापणार आहेत. पुढच्या वर्षी मला चोवीस लागतील. तो कोंबडा ठेवाल ना माझ्यासाठी?"

"ठेवते की."

"आषाढात खायचा नाही."

वेणूबाईनं तिच्याकडे बघितलं. लेखापेक्षा, पत्रापेक्षा, परदेशापेक्षा हे जास्त चमत्कारिक होतं.

"अख्खा?" ती म्हणाली. "का तुजा अर्धाच?"