पाच वाजताचा काटा

सटवाजी काकाने उभ्या जन्मात एकच गोष्ट मागितली, आणि ती त्याला द्यायची की नाही हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी यंदा दहावीत आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तेव्हा नुकताच पहिला नंबर आला होता, सरांनी प्रार्थनेच्या वेळी माझं नाव दोनदा घेतलं होतं, आणि आपल्यापेक्षा हुशार माणूस गावात कोण आहे हे मला शोधून सापडत नव्हतं.

आमचं गाव जवळा बाजारपासून पाच किलोमीटर. सटवाजी काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटलेली, लग्न जमलं नाही, नंतर कोणी जमवलंही नाही. दिवसभर शेतात राबायचा आणि दिवस कलला की भंगार घेऊन ओट्यावर बसायचा. मोडके विळे, नट, सायकलच्या साखळीचे तुकडे, औताचे झिजलेले फण. त्यातून तो बैल करायचा. वशिंडाला गंजकं बेअरिंग, शेपटीला साखळी, शिंगांना विळ्याची पाती. बैल दिसायचा फार देखणा, पण पाय बारीक तारेने बांधलेले, त्यामुळे दोन दिवस उभा राहायचा आणि तिसऱ्या दिवशी गुडघे टेकायचा.

शेजारचा संतराम येता-जाता म्हणायचा, "सटवाजी, जनावराच्या डॉक्टरला दाखव की. लाळ-खुरकूत झाली असंल."

आम्ही सगळे हसायचो. काकाही हसायचा.

पाय पक्का जोडायचा तर वेल्डिंग पाहिजे. त्यासाठी काका बैल पिशवीत घालून जवळा बाजारला चालत जायचा. तिथला गेट बनवणारा त्याला दिवस मावळेपर्यंत बसवून ठेवायचा. "खेळणंच हाय ना, थांबा मग," म्हणायचा, आणि शेवटी एक टाका मारून द्यायचा, तोही वाकडा.

मग या हिवाळ्यात, दोन हजार सातच्या, रामप्रसादच्या हार्डवेअरच्या दुकानात एक स्वस्तातली वेल्डिंग मशीन आली. लाल रंगाची, पेटीएवढी, वर फिरवायचं चाक. साडेतीन हजारांत. काका आठवडाभर नुसता तिच्यासमोर उभा राहून आला आणि एका दुपारी जेवताना बाबांना म्हणाला, "दादा, एक मशीन घ्यावी म्हणतो."

"दुकान टाकून राहिला का?"

"न्हाई. असंच. शौक म्हणून."

बाबांनी घास तसाच ठेवला. "शौक? लोकं शौकाला कबुतरं पाळतात. तू मशीन पाळणार व्हय?"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "बायको न्हाई, लेकरू न्हाई, आता लोखंडाचं बारसं करा म्हणावं."

काका खाली बघत म्हणाला, "कडब्याची खोली रिकामी हाय औंदा. तिथं बसंन. कोणाला तकलीफ न्हाई."

इथे मी कान टवकारले. कारण ती खोली मी मागितली होती. त्याच आठवड्यात. दहावीचं वर्ष, ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा गलका, मला अभ्यासाला दार लावता येईल अशी जागा पाहिजे होती. मनात मी त्या खोलीला चुना दिला होता, टेबल लावलं होतं, दारावर माझ्या नावाची पाटीसुद्धा ठोकली होती.

बाबांनी दोघांकडे बघितलं आणि म्हणाले, "मशीन घेण्याजोगी असली तर घे, अन् खोली तुझी. भिकार असली तर खोली पोरीची. पण ते ठरवायचं कोणी?"

"पुजा सांगंल ते," काकाच म्हणाला. "तिला कळतं त्यातलं."

हे मी विसरत नाही. बाबांनी नाही, काकाने माझं नाव घेतलं.

कळतं म्हणजे काय, तर माझा प्रदर्शनातला प्रकल्पच विजेचा होता. आमच्या घरात दिवसभरात व्होल्टेज किती असतं, ते मी पंधरा दिवस मोजलं. त्यासाठी मीटर काकानेच आणून दिलं होतं. पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग भरणाऱ्याकडे पडलेलं जुनं, फुटक्या काचेचं, हातावर मावेल एवढं. त्याने काच बसवली, काटा सरळ केला. मी शाळेत असताना अकराचं, एकचं, तीनचं माप तोच शेतातून घरी येऊन घ्यायचा आणि वहीच्या मागच्या पानावर कोंबडीच्या पायासारख्या आकड्यांत लिहून ठेवायचा. पाचचं आणि सातचं मी घ्यायची. प्रदर्शनाच्या तक्त्यावरची लाल रेघ त्यानेच ओढली, कारण माझा हात हलत होता. दुपारी एकला रेघ दोनशे वीसवर. चारला शेतीची थ्री फेज लाइट गेली की सगळे शेतकरी कंडेन्सर लावून मोटारी घरच्या सिंगल फेजवर ओढायला लागतात, हळदीला पाणी द्यायचं असतं. मग रेघ धाडकन खाली. पाच वाजता एकशे पंचेचाळीस. ओसरीवरचा बल्ब तेव्हा पिकल्या लिंबासारखा दिसायचा.

या तक्त्यामुळे मी पहिली आले होते. त्यामुळे मला कोणी काही शिकवायची गरज नव्हती.

बाजाराच्या दिवशी मी काकाबरोबर रामप्रसादच्या दुकानात गेले. कंपासपेटी सोबत नेली होती. मशीनचा मागचा पत्रा काढायला लावला आणि करकटकाच्या टोकाने आतल्या तारेवर ओरखडा काढला. वरून तांबूस, आतून पांढरी.

"ॲल्युमिनियम आहे," मी दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

रामप्रसाद हसला. "ताई, तांबं पाहिजे तर तिप्पट द्या. मी कुठं तांबं म्हणून विकतो? रोज धंदा करणाऱ्यानं ही घेऊ नये, तापते. वेल्डिंगच्या दोन काड्या जाळल्या की थंड होऊ द्यायची. पण घरच्या कामाला दहा साल हलणार न्हाई."

"मला कुठं घाई हाय," काका म्हणाला. त्याचा हात मशीनवर होता, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. "दोन काड्या जाळीन, बिडी ओढीन, परत दोन जाळीन."

मी वहीत लिहिलं. तार ॲल्युमिनियमची. पंखा नाही. होल्डर हलका, बदलावा लागेल. चेहऱ्यापुढे धरायची काच बरी. रोजच्या कामाला नको, शौकाला चालेल. शेवटच्या दोन शब्दांखाली मी रेघसुद्धा मारली होती. उत्तर तिथेच मिळालं होतं. मला घरी येऊन फक्त ते वाचून दाखवायचं होतं.

रामप्रसाद म्हणाला, "घरी न्या, लावून बघा. न्हाई पटली तर आणून द्या."

काकाने मशीन काळीपिवळी जीपच्या टपावर बांधली आणि फाट्यापासून घरापर्यंत डोक्यावर आणली. कडब्याच्या खोलीत ठेवली. मी दारात उभी होते. त्याने खोलीत इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "इथं मशीन. इथं खिळ्याला काच. अन् इथं, पुजा, खिडकीत बैल उभा करू, रस्त्यावरून दिसंल."

मी खिडकीकडे बघितलं. तिथे माझं टेबल होतं.

"काका, उद्या पाच वाजता लावून बघू," मी म्हणाले.

तो वळला. "पाचला?"

"व्हय. तेव्हा सगळे घरी असतात. चारचौघांसमोर झालेलं बरं."

त्याने मशीनवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाला, "तू म्हणशील तसं, माय." त्याला वाटलं असेल की पोरीने काही हिशोब केला असेल. पोरीने केलाच होता.

दुसऱ्या दिवशी पाचला ओसरीवर बाबा, आई, संतराम, त्याची दोन माणसं आणि गल्लीतली निम्मी लेकरं. मी सगळ्यांना लांब उभं केलं, डोळ्यांना त्रास होतो म्हणून सांगितलं, मोठ्या बाईसारखं. मग ओसरीवरचा बल्ब बंद केला. "उजेड नको," म्हणाले. कोणी विचारलं नाही काहून. पहिला नंबर आलेल्या पोरीला कोण विचारणार?

काकाने मशीन ओसरीवर आणली होती, अंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. बैल जमिनीवर आडवा, तीन पाय तारेचे, चौथा सुटा. त्याने काडी होल्डरला लावली, काच चेहऱ्यापुढे धरली आणि टेकवली. मशीन घुंऽऽ करत राहिली. ठिणगी नाही. काडी बैलाच्या पायाला नुसती चिकटून बसली. त्याने झटका देऊन सोडवली, परत टेकवली. परत चिकटली.

"दूध पाजून राहिला का बैलाला?" संतराम म्हणाला. लेकरं खिदळली.

काकाने चाक फिरवलं, पूर्ण टोकापर्यंत. काडी चिकटली, लाल होऊन वाकली, पण पेटली नाही. त्याच्या मानेवरून घाम उतरायला लागला, त्या थंडीत. काच बाजूला करून त्याने विचारलं, "पुजा, काटा कुठं हाय?"

मीटर माझ्या हातात होतं, तारा बोर्डाला लावलेल्या. मी ते छातीशी धरलं. काटा एकशे चाळीसच्या जरा पुढे थरथरत होता.

"दोनशे वीस," मी म्हणाले.

"बराबर बघितलं?"

"दोनशे वीसच्या वरच आहे थोडा."

बाबा उठले. "म्हणजे लाइट ठीक, मशीन भिकार."

"मशीनचं काय सांगावं," मी म्हणाले. मला थांबता येत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ते फार छान वाटत होतं. "मशीन ठीक आहे असं धरलं तरी धरणारा हात पाहिजे. काकाचा बैल तारेनेसुद्धा उभा राहत नाही."

असं हसले सगळे. संतरामने तर मांडीवर थाप मारली. आई पदर तोंडाला लावून हसत होती. बाबा म्हणाले, "ऐकलं का सटवाजी? सोळा वर्षांची पोरगी हाय. घोडा झाला तू, बैलाचा एक पाय जोडता येईना. ने ती उद्या परत."

 काकाने वर बंद बल्बकडे बघितलं. मग खाली बटणाकडे. मग माझ्याकडे. उठून बटण दाबलं असतं, तर तो पिकल्या लिंबासारखा बल्ब सगळ्यांना दिसला असता आणि बाबांनी मला तिथेच थोबाडलं असतं. बटण त्याच्यापासून दोन हातांवर होतं.

त्याने होल्डर खाली ठेवला आणि सगळ्यांबरोबर हसला.

खोली मला मिळाली. काकानेच चुना दिला. शाळेच्या जुन्या फळ्याचं टेबल करून खिडकीत लावलं, वायर ओढून बल्ब लावून दिला. त्याचं भंगार मात्र दिसेना. आईला विचारलं तर म्हणाली, भंगारवाला आला होता, सगळं तोलून दिलं, त्याच्या बदल्यात तुझ्या टेबलाला खुर्ची आणली. बैल? तोही दिला. वशिंडाचं वजन चांगलं भरलं म्हणे.

महिन्याभराने मी वह्या आणायला जवळा बाजारला गेले. रामप्रसादने हाक मारली. "ताई, ती मशीन तिसऱ्याच दिवशी गेली. ट्रॅक्टरवाल्याने नेली, खूश हाय."

"आमच्याकडे चालली नाही," मी म्हणाले.

"तुमचे काका तर म्हणाले, मशीन एकदम चांगली हाय. घरात जागा न्हाई म्हणून वापस देतो."

मी वह्या घेतल्या आणि सुटे पैसे न मोजता निघाले.

घरी आले तर काका माझ्या खोलीत होता. टेबलासमोरच्या भिंतीत त्याने चार खिळे मारले होते आणि ते मीटर बसवून, तारा बल्बच्या वायरीला जोडून, पक्कं करत होता. फुंकर मारून काच पुसली.

"हे कशाला?" मी म्हणाले.

"तुझंच हाय. अभ्यासाला बसली की समोर दिसंल."

तेव्हापासून तो रोज पाच वाजता शेतातून येतो, पाय धुतो आणि माझ्या दाराशी उभा राहतो. आत येत नाही.

"पुजा, काटा कुठं हाय?"

पहिल्या दिवशी मी म्हणाले, "मला अभ्यास आहे." तो उभाच राहिला. ओसरीवर बाबा बसलेले होते, संतराम बसलेला होता. मी वाचलं. "एकशे पंचेचाळीस."

"बराबर," काका म्हणाला आणि गेला.

रोज हेच. मी एकदा मीटर उपसायला गेले, तर खिळे इतके आत ठोकलेले की भिंतीचा पोपडा हातात आला. बाबा एकदा म्हणाले, "काय रे, रोज काय विचारून राहिला तिला?"

"काही न्हाई दादा," काका म्हणाला. "वाचायची सवय राहावी लेकराला."

परीक्षेला बारा दिवस राहिलेत. आता चार वाजून पन्नास मिनिटं झालीत. बल्ब पिवळा पडायला लागला आहे, आणि बाहेर कोणीतरी पाय धुतंय.